माशीला पाण्याच्या चालीनं जाऊ द्या: तीर्थनच्या काठी ट्राउट गरवण्याचा सराव

मालवणजवळच्या खाडीवर आजोबांबरोबर गरवायला बसायचो. तिथे शिकलेली गोष्ट एकच: गरी टाकली की दोर बोटावर धरून गप्प बसायचं, मासा येईल तेव्हा येईल. पुढे नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि पस्तिशी ओलांडल्यावर हिमाचलात तीर्थन नदीवर पहिल्यांदा फ्लाय रॉड, म्हणजे खोट्या माशीनं गरवायचा लांब, लवचिक दांडा, हातात घेतला. खाडीवरची ती सवय मोडायला मला दोन हंगाम लागले. ट्राउट एका जागी बसून मिळत नाही. तो कुठे असेल हे आपण ओळखायचं, तिथवर त्याला न कळता पोचायचं आणि पिसांची ती खोटी माशी त्याच्यासमोरून खऱ्या किड्यासारखी वाहू द्यायची.

एक-दोनदा फ्लाय फिशिंग केलंय, लाइन बऱ्यापैकी पडते, पण दिवसाअखेरीस हाती फारसं काही लागत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं तीर्थनची आहेत, कारण ती नदी मला थोडीफार कळते. बरोटची उहल, सांगल्याची बास्पा, रोहडूची पब्बर किंवा काश्मीरची लिद्दर, यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

नदीचं वेळापत्रक

तीर्थन ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते, गुशैनी आणि नगिनीवरून खाली येते आणि लारजीजवळ बियासच्या पाण्यात जाते. इथला ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला. इंग्रजांनी तो आधी काश्मीरमध्ये आणला. १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात महिली इथे त्याचं अंडी उबवणी केंद्र सुरू झालं आणि तिथून तो आसपासच्या नद्यांमध्ये पसरला. या इतिहासाचा शिकणाऱ्याशी थेट संबंध आहे. फ्लाय फिशिंगचं बरंचसं जुनं लेखन इंग्लंडमधल्या संथ, सपाट नद्यांवर बेतलेलं आहे. मासा तोच असला तरी तीर्थनचं पाणी तसं नाही. ते मोठाल्या धोंड्यांमधून उड्या मारत येतं. तिथली लांब, नाजूक फेक इथे क्वचितच उपयोगी पडते.

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडावर वाळू-गोट्यांत अंडी घालतो. मत्स्य विभागाचा परवाना घ्या, तो कोणत्या पट्ट्यासाठी आहे ते विचारा आणि त्यावरचे नियम नीट वाचा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी थंड आणि स्वच्छ असतं. मे-जूनमध्ये बर्फ वितळून ते राखाडी होतं. या दिवसांत सकाळचे तास साधा, कारण दिवसभराच्या उन्हानं वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं. जुलै-ऑगस्ट सोडूनच द्या. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ.

खिशात साधा थर्मामीटर ठेवा. पाणी १० ते १६ अंशांच्या आसपास असेल तर ट्राउट मनापासून खातो. ६-७ अंशांना तो सुस्त असतो आणि खोल, संथ पाण्यात बसतो. पाणी २० अंशांवर गेलं की रॉड आवरायचा, कारण तेव्हा पकडून सोडलेला मासाही मरण्याची शक्यता वाढते.

सुरक्षिततेबद्दल एकच सांगतो, पण ते गांभीर्यानं घ्या. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात, थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. सैंज आणि बियासवर धरणं आहेत. तीर्थनवर मोठं धरण नसलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्याच्या कडेचा एक दगड खुणेसाठी नजरेत ठेवा. तो बुडाला, पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पानं वाहत येऊ लागली, तर लगेच काठावर या. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे काठीशिवाय पाऊल टाकू नका.

काठावर येताना

पहिल्या वर्षी गुशैनीच्या खाली मी उत्साहानं सरळ मांडीभर पाण्यात उतरलो आणि समोरच्या काठाकडे लाइन फेकू लागलो. बरोबरचा स्थानिक वाटाड्या काठावरच उभा होता. थोड्या वेळानं म्हणाला, "भाईजी, जहाँ आप खड़े हो, मछली वहीं थी।" हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. काठाजवळचं, गुडघाभर खोलीचं पाणी आपण चालण्यासाठी वापरतो. मासा ते खाण्यासाठी वापरतो.

म्हणून पहिला नियम असा: पाण्यापासून दोन-तीन मीटर मागेच थांबायचं आणि पाच मिनिटं नुसतं बघायचं. पोलराइज्ड चष्मा नसेल तर आधी तो घ्या, रॉड नंतर. पाण्यावरची चकाकी गेली की तळातले गोटे दिसतात. एखाद्या गोट्याची सावली हलली तर तो मासा असतो.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे खालच्या अंगानं वर सरकत गेलं की आपण त्याच्या पाठीमागे राहतो. खडकामागच्या भोवऱ्यात मात्र पाणी उलटं फिरतं आणि मासाही उलटा तोंड करून असतो. तिथे दिशा पुन्हा ठरवावी लागते.

माशाला बाहेरचं जग कसं दिसतं ते समजून घेतलं की पुष्कळ प्रश्न सुटतात. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला वरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. या खिडकीचा व्यास त्याच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. ६० सेंटिमीटर खोल असलेल्या माशाची खिडकी साधारण १३५ सेंटिमीटर रुंद. तिच्या कडेला, पाण्याच्या पृष्ठभागापासून १० अंशांच्या आत जे असेल ते इतकं चेपून दिसतं की माशाला त्याचा बोध होत नाही. हिशोब केला तर माशापासून ९ मीटरवर पाण्यापासून दीड मीटर उंचीपर्यंतचं जवळजवळ लपतं आणि ६ मीटरवर जेमतेम १ मीटरपर्यंतचं. म्हणजे जवळ जायचं असेल तर गुडघ्यावर बसून जायचं. मागे झाड किंवा खडक असेल तर आणखी बरं. भडक टोपी आणि पांढरा शर्ट घरी ठेवा.

पाणी वाचणं

माशाला तीन गोष्टी हव्या असतात: कमी कष्टात उभं राहायला जागा, तोंडासमोरून वाहत जाणारं अन्न आणि वरून झडप आली तर लपायला आसरा. तिन्ही एकत्र असतील तिथे मोठा मासा असतो.

तीर्थनमध्ये हे खडकांभोवती सापडतं. नवशिका खडकाच्या मागच्या शांत पाण्यात माशी टाकतो. तिथेही मासा मिळतो, पण आणखी दोन जागा आहेत. एक म्हणजे खडकाच्या समोर, जिथे प्रवाह आदळून मागे फिरतो आणि पाण्याची उशी तयार होते. दुसरी म्हणजे खडकाच्या दोन्ही बाजूंना, वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं ती शिवण. शिवणीवर फेसाची रेघ दिसते. जो प्रवाह फेस वाहून नेतो तोच किडे वाहून नेतो, म्हणून मी आधी फेस कुठून जातो ते बघतो आणि मगच रॉडला हात लावतो.

डोहाचे तीन भाग वेगवेगळे हाताळावे लागतात. वरचा भाग, जिथे खळाळतं पाणी डोहात शिरतं, तिथे भुकेला मासा असतो. मधला खोल भाग पाणी थंड असताना आणि भर दुपारी बरा. शेवटचा उथळ, काचेसारखा भाग संध्याकाळी उत्तम, पण तिथला मासा सगळ्यात बुजरा असतो. डोहाच्या खालून वर जाताना तो आधी लागतो आणि तो पळाला की वरच्यांनाही घेऊन पळतो. इथे घाई करू नका.

फेक: घरी शिकायची गोष्ट

गरीला शिशाचं वजन दोर ओढून नेतं. इथे माशीला वजन नसतं. जाड लाइन हवेत उलगडते आणि माशी तिच्या मागून जाते. हे तंत्र नदीवर शिकू नका, तिथे शिकायला दुसरं बरंच असतं. मैदानावर किंवा सोसायटीच्या हिरवळीवर रोज पंधरा मिनिटं पुरतात. लीडर म्हणजे लाइनच्या पुढची निमुळती नायलॉनची दोरी. तिच्या टोकाला लोकरीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा बांधा आणि ५, ७ आणि ९ मीटरवर जेवणाची ताटं ठेवा. पुढे जे अंतर मासे देतं ते हेच. तीर्थनवर मला मिळालेले बहुतेक मासे ८ मीटरच्या आतले आहेत.

रॉड सावकाश सुरू करायचा, वेग वाढवत न्यायचा आणि एकदम थांबवायचा. थांबणं हाच फेकीचा प्राण. रॉड थांबला की लाइनचा वेटोळा सुटतो. मागे फेकल्यावर लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. मान वळवून बघितलं तरी चालेल. चाबकासारखा आवाज आला तर तुम्ही पुढची फेक लवकर सुरू केलीत. लीडरमध्ये आपोआप गाठी पडत असतील तर जोर एकदम लावला जातोय. अशी गाठ दिसली की ते टोक कापून टाका, कारण तिथे दोरीची ताकद निम्म्यावर येते. मनगट फार वाकत असेल तर रॉडचं बूड शर्टाच्या बाहीत खोचून सराव करा. दोन दिवसांत हाताला वळण लागतं.

काठावर झाडी दाट असल्यामुळे मागे फेकायला जागा मिळत नाही. म्हणून रोल कास्टही हाताखाली हवी. तीत लाइन पाण्यावरूनच मागे ओढून, क्षणभर थांबून, पुढे लोळवायची. ही मात्र पाण्यावरच शिकावी लागते, कारण पाण्याची पकड नसेल तर रॉड वाकत नाही. जवळचं तळं चालेल.

सामानाबद्दल थोडक्यात: साडेआठ ते नऊ फुटी, ४ किंवा ५ वजनाचा (हा लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड, नऊ फुटी लीडर आणि ५एक्स टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाचा ०.१५ मिलिमीटर जाडीचा तुकडा. पाणी गढूळ असेल तर त्याहून जाड ४एक्स. याहून महाग सामान घेतल्यानं मासे वाढत नाहीत, हे मी पैसे घालवून शिकलो आहे.

ओढ

आता मूळ मुद्दा. पाण्यावरचा खरा किडा प्रवाहाबरोबर जातो. त्याला कुणी धरलेलं नसतं. आपली माशी मात्र दोरीला बांधलेली आहे. मधला प्रवाह वेगवान आणि माशी जिथे पडली तिथला संथ असेल, तर मधलं पाणी लाइनचा पोटासारखा फुगवटा करून तिला खाली खेचतं आणि माशी पाण्यावर रेघ ओढत घसरते. कधी ही ओढ इतकी बारीक असते की आपल्याला दिसत नाही, पण माशाला दिसते. मासा वर येतो, बघतो आणि वळून खाली जातो. असं झालं की आपण माशी बदलतो. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा माशी ठीक असते, चाल चुकलेली असते.

ओढ घालवायचा पहिला आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे उभं राहण्याची जागा बदलणं. दोन पावलं वर किंवा खाली सरकलं की लाइन आणि माशी एकाच वेगाच्या पाण्यात येतात. खडकाळ पाण्यात त्याहून चांगला उपाय म्हणजे जवळ जाऊन रॉड उंच धरणं, लाइन पाण्याला लागूच द्यायची नाही. फक्त लीडर पाण्यावर. मधला वेगवान प्रवाह रॉडच्या खालून निघून जातो आणि पलीकडच्या शिवणीत माशी तीन-चार सेकंद मोकळी तरंगते. एवढ्या वेळात काम होतं.

अंतर जास्त असेल तर फेक थांबल्यानंतर, लाइन हवेत असतानाच, रॉड प्रवाहाच्या वरच्या बाजूला सरकवायचा. लाइन तिरकी पडते आणि तेवढी ढील मिळते. लाइन पडल्यावर तिचा फुगवटा रॉडच्या टोकानं उचलून वरच्या बाजूला टाकणं म्हणजे मेंड. नवशिके मेंड उशिरा करतात, फुगवटा तयार झाल्यावर. तो माशी पडल्याबरोबर करायचा आणि माशी हलू द्यायची नाही. तरीही जमत नसेल तर टिपेट दोन फुटांनी लांबवा. बारीक टिपेट वेटोळ्यात पडतं आणि ती वेटोळी सुटेपर्यंत माशी मोकळी असते.

सरावासाठी एक खेळ सांगतो. माशीच्या शेजारून वाहणारा फेसाचा एक बुडबुडा निवडा. माशी त्याच्याबरोबर किती वेळ राहते ते मोजा. बुडबुडा पुढे गेला किंवा मागे पडला की ओढ लागली. एक तास फक्त हेच करा, मासा लागो न लागो. माझी जी काही प्रगती झाली, ती या एका तासाच्या सवयीनं झाली.

तळाशी

ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखाली उरकतो, म्हणून निम्फ यायलाच हवा. निम्फ म्हणजे किड्याची पाण्यातली अवस्था, आणि तिच्यासारखी बांधलेली, बुडणारी माशीही. तळालगतचं पाणी दगडांना घासून जात असल्यानं वरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ संथ असतं. मासा त्याच थरात उभा असतो आणि निम्फही त्याच थरात, त्याच संथ चालीनं जायला हवा.

खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर लीडरवर इंडिकेटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी छोटी खूण, लावा. इंडिकेटर वरच्या फेसापेक्षा किंचित हळू चालला पाहिजे. तो फेसाच्याच वेगानं जात असेल तर निम्फ तळाला पोचलेला नाही. अशा वेळी बहुतेक जण माशी बदलतात. माशी तीच ठेवा, वजन वाढवा. चार-पाच फेकींत एकदा तरी निम्फ दगडाला टेकून गेला पाहिजे.

मासा निम्फ तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो. हाताला झटका जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. इंडिकेटर थबकला, तिरका झाला, बुडाला, काहीही वेगळं झालं की रॉड प्रवाहाच्या खालच्या बाजूला, आडवा, थोडासाच उचला. दगड असेल तर दगड, त्यात नुकसान काही नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला मासा आला तर मात्र क्षणभर धीर धरा, त्याला तोंड मिटून खाली वळू द्या.

कोणती माशी

नदीत कोणते किडे आहेत ते आधी बघा: पाण्यातला हाताएवढा दगड उचलून उलटा करा. चपटा, दगडाला चिकटलेला, पोटाच्या कडेनं कल्ले थरथरवणारा आणि बहुधा तीन शेपट्यांचा तो मेफ्लायचा निम्फ. दोनच शेपट्या आणि धिप्पाड अंग असेल तर स्टोनफ्लाय. वाळूच्या बारीक खड्यांचं नळीसारखं घर करून राहते ती कॅडिसची अळी. मेफ्लायच्या पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या असतील तर तो आज-उद्या वर येणार. बघून झालं की दगड होता तसा ठेवा, ते कुणाचं तरी घर आहे.

माशी निवडताना आधी आकार जुळवा, मग ठेवण, रंग सगळ्यात शेवटी. डबीत फेझंट टेल आणि हेअर्स इअर निम्फ १२ ते १६ नंबरचे, वर तरंगायला एल्क हेअर कॅडिस आणि पॅराशूट अ‍ॅडम्स, आणि गढूळ पाण्यासाठी एखादा वूली बगर, एवढं असलं की झालं. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात असू द्या.

मासा लागल्यावर

रॉड उंच उचलून धरू नका, बाजूला वळवा. मासा उजवीकडे गेला तर डावीकडे, डावीकडे गेला तर उजवीकडे. त्याचा तोल जातो आणि लढत लवकर संपते. लढत जितकी लहान तितका तो वाचण्याची शक्यता जास्त. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पक्कडीनं दाबून टाका. हात ओले करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. जाळं रबराचं असावं.

फोटोची हौस मलाही होती. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात पूर्ण दमवलेले रेनबो ट्राउट पाण्याबाहेर धरून बघितले होते. पाण्यातच ठेवलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद बाहेर धरलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. हे आकडे वाचल्यापासून मी मासा पाण्यातच ठेवून गळ काढतो. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात धरून, तो स्वतः निसटेपर्यंत थांबतो.

वही

प्रत्येक माशाची नोंद ठेवा: तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, तो नेमका कुठे होता आणि आधीच्या फेका का फसल्या. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "१४ ऑक्टोबर, सकाळी ९.४०. पाणी ९ अंश, स्वच्छ. मोठ्या खडकाच्या समोरची उशी, माझ्यापासून ५ मीटर. फेझंट टेल १४. पहिल्या चार फेका मधल्या थरातून गेल्या. वजन वाढवलं, पाचवीला लागला. २८ सेंटिमीटर असेल. सोडला."

पुढच्या मार्चमध्ये त्याच खडकाशी वीस मिनिटं घालवली, काही मिळालं नाही. थर्मामीटर बुडवला तर पाणी ६ अंश. त्या नोंदीखाली मी एवढंच लिहिलं आणि खालच्या खोल डोहाकडे गेलो.